जिन्याने चढणारा ‘पार्टनर’

2008 साली दिल्लीतल्या बेन अँड कंपनीच्या ऑफिसात जेवणाची वेळ झाली की पँट्रीत रांग लागायची. ती जेवणासाठी नसायची, आसपासच्या हॉटेलांची मेनूकार्डं बघायला असायची. तिथे नोकरी करणाऱ्या 25 वर्षांच्या दीपिंदर गोयल यांनी ती कार्डं स्कॅन करून सगळ्यांना कॉम्प्युटरवर दिसतील अशी ठेवली. रांग संपली. त्यांनी आणि सहकारी पंकज चढ्ढा यांनी मग शहरभरची मेनूकार्डं गोळा करायला घेतली. त्यातून ‘फूडीबे’ ही वेबसाइट उभी राहिली आणि 2010 मध्ये तिचं नाव ‘झोमॅटो’ झालं.

पंजाबातल्या मुक्तसरचा, शिक्षक आईवडिलांचा हा मुलगा. आयआयटी दिल्लीची पदवी हातात होती, पगार चांगला होता. तो सोडून मेनूकार्डांच्या मागे लागायला धाडस लागतं, आणि त्या धाडसाचं मनापासून कौतुक व्हायला हवं. पुढची वाट सरळ नव्हतीच. 2015 मध्ये अमेरिकेतली ‘अर्बनस्पून’ विकत घेतली, त्याच वर्षी शेकडो कर्मचाऱ्यांना नारळ द्यावा लागला. घरपोच जेवण पोचवण्याचं कामही त्याच वर्षी सुरू झालं. तोवर बेंगळुरूची ‘स्विगी’ मैदानात उतरलेली होती. जुलै 2021 मध्ये 76 रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी शंभरीपार गेला, वर्षभरात पन्नाशीच्याही खाली घसरला. पण डिसेंबर 2024 मध्ये कंपनी सेन्सेक्समध्ये दाखल झाली. आता तिचं नाव ‘इटर्नल’ आहे.

आपल्याकडे कॉलेजांच्या व्याख्यानांत ही गोष्ट हमखास सांगितली जाते. ती गोयल यांच्या करिअरची असते. ज्यांच्या दुचाकीवरून हे करिअर पुढे गेलं, त्यांच्या करिअरचं काय, हे कुणी विचारत नाही.

रात्री साडेनऊला पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या बिर्याणीच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहावं. हँडलला अडकवलेला मोबाइल पावसापासून वाचवायला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. काउंटरवर ऑर्डर नंबरचे शेवटचे आकडे सांगायचे आणि फुटपाथवर ताटकळत थांबायचं. गाडी स्वतःची, तिचा हप्ता स्वतःचा, पेट्रोल स्वतःचं, रेनकोटही स्वतःचाच. कामाचं नाव मात्र ‘डिलिव्हरी पार्टनर’. पाच वर्षं हेच काम केलेल्या मुलाला सहाव्या वर्षी कुठली पायरी चढता येते? अनुभव वाढला म्हणून पगार वाढत नाही, कारण पगार नावाची गोष्टच नाही. ऑर्डरमागे पैसे, वर ‘इन्सेन्टिव्ह’, आणि आयडी बंद झाली की दुसऱ्या दिवशी काम नाही.

भागीदारी म्हणजे काय, हे मुंबईला 1890 पासून ठाऊक आहे. मावळ-जुन्नर-मुळशीकडून आलेल्या डबेवाल्यांच्या टोळीत मुकादम असतो, पण मिळकत वाटून घेतली जाते. डबा वाहणारा माणूसच धंद्याचा धनी असतो. अ‍ॅपच्या धंद्यात ही व्यवस्था जशीच्या तशी बसणार नाही, हे मान्य. पण मग ‘पार्टनर’ हा शब्द तरी जपून वापरावा.

गोयल यांना हे दिसलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2022 मध्ये त्यांनी आपल्या वाट्याचे सुमारे 700 कोटी रुपयांचे शेअर डिलिव्हरी करणाऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी देऊ केले. ऑक्टोबर 2024 मध्ये पत्नीसह लाल टी-शर्ट घालून ते स्वतः ऑर्डरी पोचवायला निघाले. गुरुग्राममधल्या एका मॉलमध्ये त्यांना दुसऱ्या दाराने जायला सांगितलं. त्या दारामागे लिफ्ट नव्हती, जिना होता. तीन मजले चढून वर गेल्यावर दिसलं की बाकीची मुलं पायऱ्यांवरच बसून पार्सलची वाट बघतायत. आत यायची त्यांना परवानगीच नाही. एका मालकाने हे जाहीरपणे सांगितलं, म्हणून देशभर चर्चा झाली. ती मुलं हे रोज भोगत होती.

दानत मोठी असली तरी ती हक्काची जागा घेऊ शकत नाही. नीती आयोगाने 2022 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार 2029-30 पर्यंत देशात असं सुटं काम करणाऱ्या, म्हणजे गिग कामगारांची संख्या 2 कोटी 35 लाखांवर जाईल. इतक्या लोकांचा अपघात, आजारपण, म्हातारपण कुणा एकाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये संसदेत मंजूर झाली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरावी, अशी तरतूद तीत आहे. राजस्थानने 2023 मध्ये स्वतंत्र कायदा केला, कर्नाटकाने 2025 मध्ये. मुंबई-पुण्यात या मुलांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी आहे. महाराष्ट्र सरकारने हा विषय तातडीचा मानलाच पाहिजे.

आणि एक काम कायद्याची वाट न बघता करता येईल. आपल्या सोसायटीत ‘डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ती काढण्याचा ठराव मांडा.