विहारात बॉयलर घ्यावा की नको?



एका महिला मंडळाने आम्हांस विचारले आहे, की वर्गणीतून थोडे पैसे शिल्लक आहेत, तर विहारासाठी पाणी तापवायचा मोठा विजेचा बॉयलर घ्यावा काय? निम्म्या बायका घ्या म्हणतात. निम्म्यांचे म्हणणे असे, की शेगडी आहे, पातेले आहे, मग हा थाट कशाला, आणि लाइटबिल कोणी भरायचे?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून आज हिशेबच मांडू.

बॉयलर म्हणजे स्टीलची उभी टाकी, आत हीटर आणि खाली तोटी. पूर्वी ऐपतदारांच्या न्हाणीघराशी तांब्याचा बंब असे, मधल्या नळीत लाकडे आणि गोवऱ्या पेटवत. ती लाकडे मोळी बांधून डोक्यावरून विकायला नेणाऱ्यांत आपल्या आयाबायाही होत्या. बॉयलर हे त्याच बंबाचे विजेवरचे भावंड समजा, फक्त हा पिण्याच्या पाण्यासाठी.

आधी चालवण्याचा खर्च पाहू. शंभर मिलिलिटरचा एक कप धरला, तर दोनशे माणसांना २० लिटर लागते. २० लिटर साधे पाणी उकळीपर्यंत न्यायला सुमारे पावणेदोन युनिट वीज लागते. भांड्यातून निघून जाणारी उष्णता धरून दोन युनिट म्हणा. हीटर २००० वॅटचा असेल तर याला जवळजवळ तासभर लागतो. पुढे दोन तास पाणी गरम ठेवायचे तर आणखी अर्धे-पाऊण युनिट धरावे. टाकी दुहेरी भिंतीची असली तर त्याहून कमी.

आता दर काढा. विहाराच्या बिलाची एकूण रक्कम घ्या आणि तिला जळलेल्या युनिटांनी भागा. समजा दहा रुपये आले, तर एका वेळचे पाणी वीस-पंचवीस रुपयांत पडते. तेच पाणी शेगडीवर तापवायला अडीचशे ते तीनशे ग्रॅम गॅस जातो. १४.२ किलोचे सिलिंडर नऊशे रुपयांचे धरले तर हा खर्च सोळा ते एकोणीस रुपये होतो. मात्र घरगुती सिलिंडर सार्वजनिक कामाला वापरणे नियमात बसत नाही, आणि १९ किलोचे व्यापारी सिलिंडर किलोमागे सहसा महाग पडते. थोडक्यात, लाइटबिलाची भीती मोठी नाही. गॅस आणि वीज यांत चार-पाच रुपयांचा फरक, आणि त्यावरून मंडळात भांडण नको.

खरा प्रश्न खरेदीच्या पैशाचा आहे. समजा टाकी आठ हजारांना मिळाली आणि पाच वर्षे टिकली. जयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि एखाद-दुसरी सभा धरून वर्षातून दहा वेळा वापरली, तर दर वापराला १६० रुपये नुसते टाकीचे पडले. एवढ्यात किंवा याहून स्वस्तात मंडपवाला भाड्याने देत असेल तर विकत घेऊ नये. पण विहारात दर रविवारी वंदना असेल, वर्षावासात ग्रंथवाचन चालत असेल, वस्तीतली नामकरणे, लग्ने, पुण्यानुमोदन तिथेच होत असतील, तर वापर वर्षाला साठ वेळा सहज होतो. मग एका वेळेला सत्तावीस रुपये पडतात. तिथे बॉयलर जरूर घ्यावा.

आता दुकानदार सांगत नाही ती गोष्ट. आपला चहा दुधाचा, उकळून केलेला. बॉयलरमध्ये दूध किंवा तयार चहा कधी घालू नये. दूध हीटरला चिकटते, करपते, वास धरते आणि हीटर निकामी होतो. म्हणजे बॉयलर घेतला तरी दुधासाठी शेगडी लागणारच. गरम पाणी आयते मिळाल्याने शेगडीवरचा वेळ तेवढा वाचतो. फक्त दुधाचा चहाच द्यायचा असेल तर चहा एकदाच करून तोटीच्या मोठ्या थर्मासात भरून ठेवावा. त्याला वीज लागत नाही. बॉयलरचा खरा उपयोग साध्या गरम पाण्याला आहे. खोकला झालेल्या म्हाताऱ्यांना, साखरेचा आजार असलेल्यांच्या बिनसाखरेच्या चहाला, आणि दुपारी बारानंतर भोजन न घेणाऱ्या भंतेंना कोरा चहा द्यायला तो फार सोयीचा.

यापुढचे मात्र नीट वाचा, कारण इथे आम्ही स्वतः चुकलो आहोत. आमच्या वस्तीत एका कार्यक्रमाला मागून आणलेला बॉयलर आम्ही पंख्याच्या साध्या प्लगवर लावला. तीन पिना बसेनात, म्हणून दोन पिनांचा जोड घातला. अर्ध्या तासात बोर्ड वितळला, जळका वास सुटला आणि भाषण ऐन रंगात असताना विहार अंधारात गेला. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. चूक बॉयलरची नव्हती, आमची होती. २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. घरातला छोटा प्लग ५-६ अँपिअरचा असतो. बॉयलरला १५-१६ अँपिअरचा मोठा पॉवर प्लग, जाड वायर आणि चालू अर्थिंग लागतेच. ३००० वॅटचा घेतलात तर १३ अँपिअर. शेजारच्या घरातून वायर ओढून विहाराचे दिवे चालत असतील तर बॉयलरचा विचार सोडा. आधी विहाराचे मीटर आणि वायरिंग करून घ्या. शिल्लक पैसा त्यालाच लावणे शहाणपणाचे. सोबत ३० मिलिअँपिअरचा झटकारोधक स्विच बसवावा. वीज गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो.

घेताना आणि वापरताना एवढे पाहा:

पाणी संपले की आपोआप बंद होणारा, थर्मोस्टॅट असलेला घ्यावा. रिकामी टाकी चालू राहिली की हीटर जळतो.

पाण्याची पातळी दाखवणारी नळी बाहेर असावी. तोटीची मूठ न तापणारी हवी. झाकण पक्के बसणारे हवे.

टाकी भिंतीला लागून भक्कम बाकावर ठेवावी. वायर येण्याजाण्याच्या वाटेवर नको. मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

बोअरवेलच्या पाण्याने आत पांढरा थर बसतो आणि पाणी तापायला उशीर लागतो. महिन्यातून एकदा लिंबूसत्व घातलेले पाणी गरम करून ठेवावे, ते ओतून टाकावे आणि टाकी दोनदा धुवावी.

कुणाला भाजलेच तर लगेच नळाच्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. फोड आले तर डॉक्टर.

खरेदीची पावती मंडळाच्या नावे घ्यावी, वहीत नोंद करावी आणि किल्ली कुणाकडे हे ठरवावे. वस्तीतल्या घरांना कार्याला द्यावा, पण दुरुस्तीसाठी थोडी रक्कम जरूर घ्यावी. नाही तर सर्वांची वस्तू ती कुणाचीच नाही, असे होते.

शेवटी मनातले सांगतो. त्या मंडळाच्या पत्रात एक वाक्य होते, की दरवर्षी जयंतीचे भाषण आम्ही मागच्या खोलीतून भोंग्यावर ऐकतो, कारण आम्ही चहापाशी असतो. आमच्या मते बॉयलरचा हिशेब इथे येऊन थांबतो. पातेल्यापुढे दोघी तास-दोन तास उभ्या राहतात. बॉयलर असेल तर पाणी भरून, बटण दाबून त्यांना पुढे सतरंजीवर येऊन बसता येते. पण बटण दाबल्यावर कप कोण भरणार? तिथे पुन्हा त्याच दोघी उभ्या राहणार असतील तर आठ हजार वाया गेले समजा. म्हणून बॉयलर घेण्याच्या ठरावातच पाळी लिहून घ्या. एका कार्यक्रमाला बायका, दुसऱ्याला पुरुष आणि तरुण मुले.

वायरिंग चांगले आणि वापर भरपूर असेल तर २० लिटरचा घ्या. नसेल तर थर्मास घ्या. पाळी मात्र दोन्हीकडे लावा. तिला वर्गणी लागत नाही.

जयभीम.