काठीचा आवाज

भिंगारच्या आलमगीर दर्ग्याजवळ पाहुण्याला नेलं, की एखादा नगरकर म्हण ऐकवतोच: देवाच्या काठीला आवाज नसतो. १६८१ मध्ये दक्षिणेत उतरलेला औरंगजेब १७०७ मध्ये इथे संपला. काठी म्हणजे मराठे. हाच दाखला बायबलातल्या शलमोन राजाच्या गोष्टीला जोडलेला मी इथल्या उपदेशातही ऐकला आहे. राजा बहकला, देवाने शत्रू उठवले, हिशेब मिटला.

मला हा हिशेब पटत नाही. शलमोनावर देवाने शत्रू उठवले, हे राजांच्या पहिल्या पुस्तकाचा अकरावा अध्याय सांगतो खरा. पण त्या शत्रूंची कुळकथा गाळत नाही. अदोमचा राजपुत्र हदाद पोरवयात मिसरात पळाला, कारण शलमोनाचा बाप दावीद याचा सेनापती यवाब अदोमात सहा महिने तळ ठोकून तिथले पुरुष कापत होता. रजोन दावीदाच्याच लढाईनंतर टोळी जमवून दिमिष्कात बसला. यराबाम तर शलमोनाच्या वेठबिगारीवरचा मुकादम! पेरणी राजघराण्याचीच होती.

उलट मराठ्यांना काठी म्हटलं, की संताजी, धनाजी, ताराबाई यांचं सारं कर्तृत्व लाकूड होतं. १६८९ मध्ये संभाजीराजांना हालहाल करून मारलं, त्याचा संतापही मग त्यांचा स्वतःचा राहत नाही. आणि काठीच म्हणायची, तर १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला शिंद्यांकडून घेतला, ती कोणाची काठी? तेव्हा मात्र आपल्याला म्हण आठवत नाही.

हिब्रू ग्रंथातल्या काठीला आवाज असतो, तोही आधी. यराबामाच्या हाती काहीच नसताना अहीया संदेष्टा रानात अंगावरच्या नव्या झग्याचे १२ तुकडे करतो, राज्यातल्या वाट्याची खूण म्हणून १० त्याला देतो. कारण सांगतो आणि हद्दही: दावीदाच्या वंशाला शासन होईल, पण कायमचं नाही. जिंकून झाल्यावर देवाची सही घेण्याची सोय तिथे नाही. यशया तर अश्शूरला देवाच्या कोपाची काठी म्हणतो आणि लगेच त्या काठीचीही झडती घेतो.

यराबामही सुटला नाही. राज्य मिळाल्यावर त्याने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं मांडली. पुढे मुलगा आजारी पडला, तेव्हा त्याची बायको वेश पालटून अहीयाकडे गेली. म्हाताऱ्याची दृष्टी गेली होती. उंबऱ्याशी तिच्या पावलांचा आवाज झाला आणि त्याने हाक मारली: यराबामाच्या बायको, आत ये.