कपाशीचे बोंड आणि वजनाचा आकडा

तेल्हारा-अकोट पट्ट्यातील व्यापारी घरांतून अलीकडे एक चिंता वरचेवर कानी येते. मुलीने जीवशास्त्रात एम.एस्सी. केले, दोन वर्षे प्रयोगशाळेत काढली, आणि आता ती डेटा सायन्सकडे वळू म्हणते. वडीलधारी मंडळी मनातल्या मनात खतावणी उघडतात आणि आधीच्या शिक्षणाचा खर्च बुडीत खाती टाकून मोकळी होतात. ही नोंद घाईची आहे. तिचे उत्तर याच जिल्ह्याच्या कापसात सापडते.

डॉ. विनायक गोविंद पानसे हे मुळात कपाशीच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत वाणांची निवड करताना, दोन वाणांतील फरक खरा की जमिनीच्या कसामुळे भासणारा, हा प्रश्न त्यांना पडत असे. त्यासाठी ते सांख्यिकीकडे वळले. झाड मात्र त्यांनी सोडले नाही.

त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने होई. गावचा अधिकारी पीक नजरेने पाहून सोळा आण्यांपैकी किती, ते सांगे. कापसाचे सौदे करणाऱ्यांना अशा अंदाजाचा भरवसा कितपत वाटत असेल, हे व्यापाऱ्यांच्या घरी वेगळे सांगायला नको. 1942-43 च्या हंगामात पानसे आणि आर. जे. कळमकर यांनी अकोला जिल्ह्यात नवी पद्धत अजमावली. गावे, त्यांतील शेते आणि शेतांतील तुकडे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निवडायचे आणि त्या तुकड्यांतील कापूस प्रत्यक्ष वेचून तोलायचा.

येथेच वनस्पतीचे ज्ञान कामी येते. गहू एकदा कापला की वजन हाती लागते. कपाशीची बोंडे मात्र एकदम फुटत नाहीत. वेचण्या अनेक होतात आणि हंगाम महिनोन् महिने चालतो. त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा जावे लागते. एखादी वेचणी सुटली की आकडा खोटा ठरतो. तुकड्याच्या आकाराचीही गंमत आहे. तुकडा फार लहान घेतला तर सीमेवरचे झाड आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल होतो आणि उत्पन्न फुगते. हा दोष गणिताच्या सूत्रात नसतो, तो शेताच्या बांधावर उभे राहिल्यावर दिसतो.

पुढे 1954 मध्ये पानसे आणि साताऱ्याकडचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा शेतीतील सांख्यिकी पद्धतींवरील ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. एक जण झाडाकडून आकड्यांकडे आलेला, तर दुसरा गणिताकडून शेतीकडे. कृषी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या.

आज प्रयोगशाळेतील यंत्रे एका दिवसात जनुकांचे इतके आकडे ओकतात की ते वहीत मावणे अशक्य. संगणक त्यांतून आकृतिबंध शोधतो. पण सोमवारचे नमुने आणि गुरुवारचे नमुने वेगळे दिसतात ते रोगामुळे, की रसायनाची बाटली बदलल्यामुळे, हे ज्याने हाताने पिपेट धरली त्याला आधी सुचते. नुसत्या संगणकतज्ज्ञाला तो भेद शोध वाटण्याचा संभव असतो.

तरीही जुन्या पदवीवर नवी नोकरी आपोआप मिळत नाही. संभाव्यता आणि सांख्यिकी पायापासून शिकावी लागते, पायथन किंवा आर ही संगणकभाषा हातात बसावी लागते, आणि याला सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. हमखास नोकरीचे आश्वासन देऊन लाखाची फी आगाऊ मागणाऱ्या वर्गासाठी कर्ज काढण्यापूर्वी घरच्यांनी एवढेच विचारावे: मुलीने स्वतः केलेल्या प्रयोगाची आकडेवारी घेऊन तिचे विश्लेषण येथे करून घेतील काय? नकार आला तर पैसे घरीच राहू द्यावेत.

पीक कापणी प्रयोग आजही चालतात. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न त्यांवरून काढले जाते. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याला भरपाई किती, हे बऱ्याच अंशी कोणीतरी आखलेल्या एका तुकड्यातील कापसाच्या वजनावर ठरते.