‘एअर प्लांट, मिक्स’

‘पिंक क्विल’ आता टिलँडसिया सायनिया राहिलेली नाही, ती वॉलिसिया सायनिया झाली आहे. सणासुदीला हमखास खपणारी ‘फ्लेमिंग स्वोर्ड’ व्रिसिया वंशातून निघून लुथेरिया स्प्लेंडेन्स झाली. मायकेल बारफुस आणि सहकाऱ्यांनी 2016 साली टिलँडसियॉइडी या उपकुलाची फेरमांडणी प्रसिद्ध केली, त्यातली ही नावं. रोपवाटिकेतली लेबलं आणि बिलं मात्र अजून जुन्याच नावांची आहेत, आणि ‘या शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही का’ हा सूर आपल्या व्यवसायात अधूनमधून कानावर येतो. आम्हाला तो पटत नाही. ही रोपं ज्यातली, त्या ब्रोमेलिएसी कुलात नावांचा घोळ आहे हे खरं, पण त्यातला नुकसान करणारा भाग आपणच घातलेला आहे.

ब्रोमेलिएसी कुलात आज सुमारे 3,700 जाती धरतात. पश्चिम आफ्रिकेतली एकटी पिटकैर्निया फेलिसियाना सोडली तर सगळ्या अमेरिका खंडांतल्या. लायमन स्मिथ आणि रॉबर्ट डाउन्स यांनी 1974 ते 1979 या काळात तीन भागांत जो मोठा ग्रंथ काढला, त्यात या कुलाची तीन उपकुलं होती. विभागणी मुख्यतः फळ आणि बी पाहून. बोंड तडकून पिसासारख्या केसांचं बी उडालं तर टिलँडसियाचा गट. गरदार फळ आणि पाकळ्यांच्या खाली अंडाशय असला तर ब्रोमेलियाचा गट, ज्यात एक्मिया, निओरेगेलिया आणि आपला अननस येतो. आणि बोंडात बिनपिसाचं, बहुधा पंखवालं बी असलं तर पिटकैर्नियाचा. या तिसऱ्या गटात, खरं सांगायचं तर, जे दुसरीकडे बसलं नाही ते कोंबलेलं होतं. डीएनएच्या अभ्यासानंतर 2007 मध्ये थॉमस गिव्हनिश आणि सहकाऱ्यांनी तीनाची आठ उपकुलं केली ती त्याचेच तुकडे पाडून. पिसाचं बी आणि गरदार फळ हे दोन्ही गट मात्र शाबूत राहिले. म्हणजे फळ कापून बी पाहणारा माळी आजही फारसा फसत नाही.

फसगत झाली ती पाकळीत. टिलँडसिया आणि व्रिसिया वेगळे ओळखायचे कसे, तर पाकळीच्या बुडाशी आतून दोन बारीक खवले आहेत का ते पाहायचं: असले तर व्रिसिया, नसले तर टिलँडसिया. पिढ्यान् पिढ्या हेच शिकवलं गेलं. डीएनएने दाखवलं की हे खवले वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आले आणि गेले. त्यावरून नातं ठरत नाही. मग व्रिसिया फुटली, टिलँडसियातूनही काही जाती बाहेर पडल्या. संकर करणाऱ्यांनी या बदलाकडे जरूर लक्ष द्यावं, कारण कोण कोणाच्या जवळचं याची इतकी चांगली माहिती आधी कधी नव्हती. निव्वळ विक्री करणाऱ्यांचं फारसं काही बिघडत नाही. वरच्या दोन्ही उदाहरणांत नावाचा दुसरा शब्द, सायनिया आणि स्प्लेंडेन्स, तसाच राहिला आहे. संकरित वाणाचं नावही वंश बदलला म्हणून बदलत नाही.

आता आपला घोळ. ‘एअर प्लांट’ हा वनस्पतिशास्त्रातला गट नव्हे, ती जगण्याची रीत आहे. टिलँडसियाच्या साडेसहाशेहून अधिक जातींत कुंडीत वाढणाऱ्या आहेत, झाडावर चिकटणाऱ्या आहेत, खडकावरच्याही आहेत. बाजारात एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेल्या दोन पाहा. टेक्टोरम अँडीजच्या कोरड्या उतारांवरची, पांढऱ्या खवल्यांनी मढलेली. बल्बोसा सखल, दमट जंगलातली, हिरवी, जवळजवळ गुळगुळीत. पानावरचे हे खवले पाणी शोषतात, पण दाट खवले सतत ओले राहिले की पानाचा हवेशी व्यवहार अडतो. मुंबई-कोकणातल्या जुलैत बल्बोसा मजेत राहील. टेक्टोरम उघड्यावर ठेवली तर बहुधा कुजेल. टिलँडसियाचीच आणखी एक जात, झेरोग्राफिका, हिच्या पानांच्या बेचक्यांत पाणी साचलं तर तिचीही तीच गत. टेक्टोरम आणि बल्बोसा या दोघींवर ‘एअर प्लांट, आठवड्यातून दोनदा भिजवा’ अशी एकच चिठ्ठी लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धवट माल देणं आहे. पिंक क्विलचं तर आणखीच वेगळं: ती कुंडीत, मोकळ्या भुसभुशीत माध्यमात छान वाढते, आणि ‘एअर प्लांट’ समजून लोक तिला तारेला टांगून वाळवतात.

म्हणून आमचा आग्रह वंशापेक्षा जातीचा आहे. नुसतं ‘टिलँडसिया’ लिहून पाणी किती घालायचं ते कळत नाही. ‘टेक्टोरम’ लिहिलं तर कळतं. आयात करणाऱ्यांना हा आग्रह पैशातही परवडेल. झेरोग्राफिका वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, परवान्यावर नेमकं नाव लागतं, आणि ‘मिश्र टिलँडसिया’ लिहिलेली पेटी कुठे अडकून पडेल ते अनुभवी लोक जाणतात.

या अंकापासून आमच्या लेखांत आणि जाहिरातींत नवं नाव आधी व जुनं नाव कंसात असं छापू. जातीची खात्री नसेल तर तसं लिहा, आम्ही ‘जाती अनिश्चित’ असं छापू. त्यात कमीपणा नाही. मात्र ‘एअर प्लांट, मिक्स’ एवढाच मजकूर आला, तर जाहिरात छापण्याआधी आमचा फोन येईल. रोपांचे फोटो तयार ठेवा, जमलं तर फुलांसकट.