मॅपिंग शीट भरली म्हणजे तयारी झाली?

परवा टीममधला एक नवा मुलगा म्हणाला, "मॅपिंग शीट पूर्ण झाली. कोड सुरू करू ना?" शीट छानच होती. डावीकडे सेल्सच्या डेटाबेसचे कॉलम, उजवीकडे अकाउंट्सचे, मध्ये बाण. मी म्हटलं, "अजून नको. आधी दोन दिवस अकाउंट्समध्ये जाऊन बस." जमाखर्च लिहायला पाठवतोय असा चेहरा झाला त्याचा!

पण माझं हे मत उगाच झालेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटकडे अशाच दोन सिस्टिम्स जोडायचं काम माझ्याकडे होतं. दोन्हीकडचा ग्राहक एकच आहे हे ओळखायचं कशावरून? नावाचा भरवसा नाही, एकीकडे 'प्रा. लि.' असतं, दुसरीकडे नसतं. मग मी जीएसटी नंबर धरला. १५ अक्षरं, पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची १० अक्षरं पॅनची. यापेक्षा पक्की ओळख कुठली? शुक्रवारी रात्री जॉब चालवला. एकही एरर नाही. स्वारी खुशीत घरी.

सोमवारी एका ग्राहकाचा ट्रक गोदामाच्या गेटवर अडकला. त्या कंपनीचे चाकण आणि भोसरी असे दोन डेपो, पण जीएसटी नंबर एकच. माझ्या स्क्रिप्टने दोन्ही खाती एक करून टाकली होती. भोसरीची थकबाकी चाकणच्या नावावर चढली, क्रेडिट लिमिट संपली, माल थांबला. आणि बोलणी कोणाला बसली? अकाउंट्समधल्या एका काकांना. खातं त्यांच्याकडचं ना! काका मला एवढंच म्हणाले, "ती दोन खाती आम्ही वेगळी धरतो साहेब. वहीत लिहून ठेवलंय. तुम्ही विचारलंच नाही." तीन महिन्यांत मी त्यांच्या टेबलापर्यंत एकदाही गेलो नव्हतो. तो 'साहेब' अजून टोचतो.

मोठ्यांचंही असं होतं बरं का. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने लॉइड्सच्या सिस्टिमवरचा डेटा आपल्या नव्या प्लॅटफॉर्मवर नेला. ग्राहक सुमारे ५२ लाख. डेटा नीट पोचला, पण प्लॅटफॉर्मच कोलमडला. लोकांना खाती उघडेनात, सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड झाला तो वेगळाच. म्हणजे डेटा पोचणं वेगळं आणि लोकांचं काम चालणं वेगळं.

म्हणून मला वाटतं, इंटिग्रेशनची तयारी म्हणजे आधी प्रश्न विचारणं. 'ग्राहक' कोण? ज्याच्या नावाने बिल निघतं तो, की माल उतरवून घेतो तो? दोन्हीकडे पत्ता वेगळा असेल तर खरा कुठला? जीएसटी नंबरच नसलेल्या छोट्या दुकानदाराचं काय? कोडच्या सुरुवातीची शून्यं एक्सेलने खाल्ली असतील तर? खरी ५० रेकॉर्ड्स छापून घ्या आणि ती रोज हाताळणाऱ्या माणसासमोर ठेवा. मॅनेजर म्हणेल वेळ नाही. मान्य, डेडलाइन मलाही असते. पण आपण वाचवलेल्या दोन दिवसांची किंमत भलताच कोणी मोजतो, आणि तो बहुतेक वेळा मीटिंगला नसतो.

असो. तुमच्या प्रोजेक्टवरही असे एखादे काका किंवा मावशी असतीलच. सोमवारी लॅपटॉप न घेता त्यांच्याबरोबर चहा प्या. वही मात्र न्या.