चार बाटल्या, दोन लिटर

परदेशातून येताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते, हा नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. जिने आयुष्यात थेंबही घेतला नाही त्या आईलासुद्धा! दर दिवाळीला कुणी ना कुणी येतंच, आणि बहुतेक जण शहाण्यासारखे त्या दोन लिटरांत स्कॉच बसवतात. यंदा माझा आतेभाऊ डब्लिनहून आला तो मात्र अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या घेऊन. बिअरच्या.

"अरे, बिअर आणायला विमान कशाला लागतं?" बाबांचा पहिला प्रश्न. बाबांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली. "आयुष्यभर दारूतच काम केलं, पण ती उडवायची दारू, उडायची नव्हे," हा त्यांचा ठेवणीतला विनोद आम्ही शंभरदा ऐकलाय. तो तेव्हाही झाला.

"मामा, एकदा चव तर घ्या," आतेभाऊ म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, "दादा, तू ही पी. मग तुझ्या त्या पुण्याच्या बिअरला हातसुद्धा लावणार नाहीस."

हे वाक्य मला जरा लागलं. आपल्या गावाला कुणी नावं ठेवली की खडकीच्या माणसालासुद्धा अचानक पुणेकर झाल्यासारखं वाटतं :) म्हटलं, चल, होऊन जाऊ दे.

आता नियम. आमच्याकडे बिअरची बाटली घरात यायची ती कायम वर्तमानपत्रात गुंडाळून, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. या वेळी तोच कागद दुसऱ्या कामाला आला. मी दुकानातून दोन इम्पोर्टेड बाटल्या आणल्या, एक जर्मनीची गव्हाची आणि एक बेल्जियमची काळपट, कडक. सहाही बाटल्या मीच गुंडाळल्या नि त्यांवर आकडे टाकले. मग आईने त्या आमच्या पाठीमागे ग्लासात ओतल्या ("हे एवढंच बाकी होतं माझ्या नशिबी"). प्रत्येकी अर्धा कप, मध्ये पाण्याचा घोट आणि चखण्याला फक्त साधे चुरमुरे, कारण शेवचिवड्याच्या तिखटामीठापुढे कुठलीच बिअर एकसारखी लागते.

आतेभावाच्या चारही बाटल्या ओहाराजच्या होत्या. आयर्लंड म्हटलं की आपल्याला फक्त गिनेस ठाऊक असते, आणि त्यात आपला दोष नाही. आर्थर गिनेसने 1759 मध्ये डब्लिनची ती जागा वर्षाला 45 पौंडांवर चक्क 9000 वर्षांच्या कराराने घेतली, आणि पुढे त्या एका बिअरने सगळा देश व्यापला. छोट्या ब्रुअऱ्या एकेक करून बंद पडल्या. त्या परत उगवल्या 1990 नंतर. 1996 मध्ये कार्लोमध्ये ओहाराजची ब्रुअरी निघाली. त्याच वर्षी डब्लिनच्या टेंपल बार भागात पोर्टरहाउस नावाच्या पबने स्वतःची बिअर बनवायला घेतली आणि गिनेस विकायचीच नाही असं ठरवलं. डब्लिनमध्ये, गिनेसशिवाय! म्हणजे मिसळीच्या हॉटेलात मिसळ नाही म्हणण्यासारखंच. 2005 मध्ये तिथल्या सरकारने छोट्या ब्रुअऱ्यांना अबकारी करात निम्मी सूट दिली आणि मग खरी गर्दी झाली.

तर निकाल. पहिला नंबर तिघांकडूनही एकाच ग्लासाला: आयरिश स्टाउट. स्टाउटचा काळा रंग भाजलेल्या सातूचा. कॉफीचा कडवटपणा, शेवटी किंचित आंबट कोरडेपणा आणि दारूचं प्रमाण जेमतेम 4.3 टक्के. गिनेसचा तो सायीसारखा फेस हिला नव्हता. तो फेस नायट्रोजनचा असतो, त्याचे बुडबुडे बारीक असतात आणि कॅनमधून तसा फेस यावा म्हणून आत एक पोकळ गोळी टाकलेली असते. पण चवीला ही गिनेसपेक्षा भरीव. बाबा म्हणाले, "करपलेल्या भाकरीचा पापुद्रा लागतोय," आणि ग्लास पुढे केला. म्हणजे आवडली. तिचीच थोरली बहीण, 6 टक्क्यांची एक्स्ट्रा स्टाउट, आणि बेल्जियमची कडक बिअर यांत दुसऱ्या नंबरासाठी भांडण झालं. आयरिश रेड चौथी. तिला काकवीसारखा गोडवा होता, पण दोन घोटांनंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

आणि शेवटून दुसरा आला तो आतेभावाचा सगळ्यात लाडका पेल एल. त्याने स्वतःच त्याला सर्वांत कमी गुण दिले होते! कागद काढला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. परत एक घोट घेतला, बाटली उजेडात धरली, आणि म्हणाला, "दादा, तिकडे अशी नाही रे लागत."

मला वाटतं सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे.

शेवटचा नंबर जर्मन गव्हाच्या बिअरचा. केळं-लवंगेचा वास येईल म्हणून वाट पाहिली, आला तो ओल्या पुठ्ठ्याचा. बाटलीवरची तारीख पाहिली तर मुदत संपायला महिनाच बाकी होता. कुठल्या दुकानातून घेतली ते सांगत नाही, पण तिथे त्या बाटल्या काचेच्या कपाटात, उन्हाच्या तोंडावर, सजवून ठेवल्या होत्या. आपण इम्पोर्टेड वस्तूची जागा शोकेसमध्ये समजतो ना, तसं.

पुठ्ठ्याचा वास उगाच येत नाही. बिअरमध्ये थोडा जरी प्राणवायू राहिला तरी हळूहळू ती शिळी होते, आणि जितकी उष्णता जास्त तितकं हे भरभर होतं. हॉप्सचा वास तर सगळ्यांत आधी उडतो, म्हणून पेल एलसारख्या बिअरचं नुकसान मोठं. ऊन लागलं तर आणखी वेगळं: हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडाने फुटतात आणि गंधकाचा घाण वास धरतो. तपकिरी काच हे बरंच थोपवते, हिरवी आणि पांढरी काच जवळजवळ नाहीच. पण तपकिरी काचसुद्धा उष्णतेपुढे काही करू शकत नाही. बंदरातला कंटेनर, गोदाम, ट्रक, मग ते उन्हातलं कपाट. आणि या प्रवासावर जबर आयात शुल्क भरून आपण काय घेतो, तर शिळेपणा.

स्टाउट का टिकली? कारण तिची सगळी भिस्त भाजलेल्या धान्यावर आहे, उडून जाणाऱ्या वासावर नाही. कडक बेल्जियन टिकते ती तिच्यातल्या जास्त मद्यार्कामुळे. आमच्या आईला हे मी समजावलं तेव्हा तिने एका वाक्यात निकाल लावला. "म्हणजे बाकरवडी पोचते, उकडीचे मोदक पोचत नाहीत." अगदी तेच! दर वर्षी ती आतेभावाबरोबर बाकरवडी पाठवते, मोदक पाठवायचा विचारही करत नाही. मोदक खायचा तर वाफेवरून उतरलेला. बिअरमध्येही बाकरवड्या असतात आणि मोदक असतात. आपण मात्र दोन्हींवर 'इम्पोर्टेड' एवढंच वाचतो.

मंडळी, गंमत म्हणजे हा धडा साहेब इथेच, आपल्या खडकीत शिकून गेलाय. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली आणि मग इथे गोऱ्यांची छावणी वसली. छावणी म्हटलं की बिअर आलीच. ती विलायतेहून जहाजात पिंपांतून, आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने प्रवास करत यायची. अधिकाऱ्यांना पेल एल, साध्या शिपायांना काळी पोर्टर. ही पोर्टर म्हणजे आजच्या स्टाउटची आईच. आज जिला आयपीए म्हणतात ती याच प्रवासातून निघाली. हॉप्स जास्त घालायचे आणि पिंपात मुरवायची, म्हणजे वाट सोसेल. थोडक्यात त्यांनी मोदक पाठवले नाहीत, बाकरवडीच वेगळी बनवली.

शिपायांत आयरिश लोक पुष्कळ होते. एम्प्रेस गार्डनजवळचं 1850 चं चर्च त्यांच्या सेंट पॅट्रिकच्या नावाचं आहे ते त्यामुळेच. पण एवढी तहान जहाजाच्या भरवशावर किती दिवस भागणार? शेवटी बिअर इथेच बनवायला लागले. एच. जी. मीकिन नावाच्या गृहस्थाने 1887 मध्ये एडवर्ड डायरकडून (जालियनवाला बागेतल्या डायरचा हा बाप) शिमला आणि कसौलीच्या ब्रुअऱ्या घेतल्या, आणि पुढे आणखी ठिकाणी काढल्या: रानीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग... आणि किरकी. होय, आपली खडकी! त्या यादीत बाकी सगळी थंड हवेची ठिकाणं आहेत, आणि शेवटी एप्रिलमध्ये जिथे पत्रे तापून कडकड वाजतात ती खडकी. पुढे याच घराण्याच्या कंपनीतून आजची मोहन मीकिन झाली, ओल्ड मंकवाली.

म्हणजे ज्याच्यासाठी ती विलायती बिअर होती त्या साहेबालाही कळलं, की बिअर पिणाऱ्याच्या जवळ बनलेली बरी. आपण मात्र सव्वाशे वर्षांनी परत जहाजाची वाट बघतोय.

रविवारी मी आतेभावाला पुण्यातल्या एका पबमध्ये नेलं, जिथे बिअर काचेपलीकडच्या टाक्यांत बनते. पुण्यात याची सुरुवात 2009 मध्ये 'डुलाली'ने केली. ते नावही आपलंच आहे, देवळालीचं इंग्रजी रूप. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर तिथल्या कॅम्पात पडून राहायचे, वेडे व्हायचे. त्या वेडाला ते म्हणायचे 'डुलाली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप!

आम्ही आधी गव्हाची बिअर मागवली. संत्र्याची साल आणि धणे घातलेली, धुकट, ताजी. आतेभावाने एक घोट घेतला आणि गप्प बसला. दुसरा घेतला. मग म्हणाला, "ही घरच्या बाटलीपेक्षा खूपच चांगली आहे." पेल एलचंही तेच. हॉप्सचा वास ग्लास तोंडाशी नेण्याआधीच आला. मग स्टाउट मागवली आणि तिथे मी हरलो. पातळ होती, भाजल्याची चव वरवरची, शेवट गोडसर. ओहाराजच्या पासंगालाही पुरणार नाही. खोटं कशाला बोलू? ताजेपणा म्हणजे हुशारी नव्हे. तिकडे काळी बिअर बनवण्याचा हात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, इथे पंधरा-वीस वर्षांचा. जवळची म्हणून वाईट बिअरला चांगली म्हणणं हाही एक प्रकारचा इम्पोर्टेडपणाच, फक्त उलटा.

तर माझं मत असं झालंय. फिकी, वासाची, गव्हाची बिअर प्यायची तर इथली, ताजी. काळी किंवा कडक हवी असेल तर बाहेरची खुशाल घ्या, पण आधी देश नव्हे, तारीख वाचा. शोकेसमधली बाटली कितीही देखणी असली तरी ती तिथेच राहू द्या. आणि आयर्लंडमधून कुणी येणार असेल तर त्याच्या दोन लिटरांत चारही स्टाउट सांगा.

आणखी एक, जरा अवघड. आमच्या गल्लीत दारूने बसलेली घरं मी पाहिली आहेत, त्यामुळे 'प्या हो' असं सांगायला हे लिहीत नाही. उलट त्या संध्याकाळी तिघांत मिळून सहा बाटल्यांतली निम्मी बिअर उरली, कारण आम्ही पीत नव्हतो, चाखत होतो. बाबा आयुष्यात पहिल्यांदा आमच्यासोबत, दार उघडं ठेवून बसले होते. लपवून पिणाऱ्याला चव कळत नाही, त्याला फक्त संपवायची घाई असते. हे बाबांचं वाक्य, माझं नव्हे.

परवा आतेभाऊ परत गेला. बॅगेत तीन किलो बाकरवडी होती. निघताना मोदकाच्या ताटापुढे अंमळ जास्तच वेळ बसला. "तिकडे असे नाही ना मिळत, मामी," म्हणाला. आई म्हणाली, "मग इथे ये खायला."

बाबांनी रिकामी स्टाउटची बाटली धुऊन खिडकीत ठेवली आहे. कागदात न गुंडाळता.