स्वमताचे तीन गुण वाचवा

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत पठित उताऱ्याखालच्या आकलनाच्या कृती संपल्या की एक लहानसा प्रश्न येतो. स्वमत, गुण ३. वाचलेल्या मजकुराबद्दल तुला काय वाटतं ते कारणं देऊन लिही, एवढंच तो मागतो. ८० गुणांच्या लेखी परीक्षेत मुलाला स्वतःचं म्हणणं मांडायला आणि ते सिद्ध करायला लावणाऱ्या जागा मोजक्याच आहेत. त्यांतली ही एक.

कागदावर ती शाबूत आहे. वर्गातून मात्र ती निसटत चालली आहे. गाईडमध्ये प्रत्येक पाठाचं स्वमत तयार छापलेलं मिळतं आणि मुलं ते पाठ करतात. ‘माझ्या मते’ने सुरू होणारं उत्तर बाकावरच्या दोन्ही वह्यांत शब्दशः सारखं सापडतं. ‘भरपूर लिही, गुण मिळतील’ असं आपण मोठी माणसंच सांगतो. पंधरा वर्षांचं मूल यातून एवढंच शिकतं की मतसुद्धा दुसऱ्याकडून आणायचं असतं. मला याची मनापासून चिंता वाटते, म्हणून मुंबईतल्या आपल्या चारकोपमधल्या पालकांना, शिक्षकांना आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना ही हाक.

आधार देऊन लिहिणं म्हणजे काय, ते आपल्याच वस्तीवरून पाहू. समजा उतारा असा आहे: ‘१९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प मंजूर झाला. त्याखाली चारकोपला म्हाडाने रस्ते, पाणी, गटारं यांची सोय असलेले लहान भूखंड दिले. घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं होतं. सुमारे ३५ भूखंडांचा एकेक गट आणि मध्ये सामाईक मोकळी जागा, अशी आखणी होती.’ प्रश्न: लोकांना बांधलेलं घर न देता भूखंड देणं योग्य होतं का? तुमचं मत लिहा.

नेहमीचं उत्तर असं येतं: ‘घर ही माणसाची मूलभूत गरज आहे. प्रत्येकाला हक्काचं घर हवं. म्हणून हा निर्णय अतिशय योग्य होता.’ वाक्यं शुद्ध आहेत, अक्षरही चांगलं असेल. पण हे उत्तर उतारा न वाचता लिहिता येतं.

आता दुसरं: ‘निर्णय योग्य होता. घर ऐपतीप्रमाणे बांधायचं होतं असं उताऱ्यात म्हटलं आहे. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याला आधी एक खोली बांधून पुढे वाढवता आली असेल. रस्ते आणि पाणी ही एकट्याला न परवडणारी कामं आधीच झाली होती.’ याच्या उलट मत असलेली मुलगी लिहील: ‘योग्य नव्हता. घर ज्याचं त्याने बांधायचं होतं असं उतारा सांगतो, म्हणजे बांधकामाचा भार घेणाऱ्यावर पडला. ज्याच्याकडे एका खोलीपुरतेही पैसे नसतील त्याने काय करायचं, हे उतारा सांगत नाही.’ दोघांनाही पूर्ण गुण मिळायला हवेत. मत, त्याला मजकुरातला आधार, आणि त्या आधारावरून आपलं मत कसं निघतं हे सांगणारं वाक्य, या तिन्ही गोष्टी दोघांकडेही आहेत. मुलं अडखळतात ती तिसऱ्या ठिकाणी. उताऱ्यातलं वाक्य उतरवून ती थांबतात. ते वाक्य का दिलं, हे सांगायचं राहतं. शिकवण्याचा खरा वेळ तिथे लागतो.

२००० सालच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत भिंतींवरच्या चित्रांविषयी दोन पत्रं दिली होती, एक विरोधातलं आणि एक बाजूचं. तुम्हाला कोणतं पत्र पटतं ते पत्रांतल्या मजकुराच्या आधारे सांगा, असा प्रश्न होता. बाजू कुठलीही घेतली तरी गुण मिळत होते. गुण आधाराला होते.

आपल्याकडे वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. मार्च २०१९मध्ये नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी झाली तेव्हा भाषांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि अंतर्गत गुण परत आले. २०२०मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.) किती गुण कुठे द्यायचे यावर आपण इतकं बोललो. मुलांना तीन गुणांचं उत्तर लिहायला कोण, कधी शिकवणार, यावर त्याच्या शतांशानेही बोललो नाही.

आधार देऊन मत मांडण्याची रीत आपल्याला परकी नाही. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शिक्षण सर्वांना द्या, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी मांडलं. शाळा चालवण्याचा स्वतःचा अनुभव पुढे ठेवला आणि मग प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. ज्या राज्यात असं निवेदन लिहिलं गेलं, तिथल्या मुलाने गाईडमधलं मत उतरवावं हे मला सहन होत नाही.

म्हणून पालकांनो, आज रात्री वही उघडा आणि एकच विचारा: ‘हे उताऱ्यात कुठे आहे? बोट ठेवून दाखव.’ स्वतः दहावी न झालेली आईसुद्धा हे विचारू शकते. शिक्षकांवर मतदार याद्यांपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत किती कामं लादली आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही विनंती आहे: आठवड्याला एकच स्वमत घ्या, पण आधाराच्या वाक्याखाली रेघ मारून परत द्या आणि पुन्हा लिहून घ्या. त्यासाठी तुम्हाला वेळ मिळावा म्हणून पालकसभेत बोलणं आमचं काम. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या जागा वापरा. क्लास चालवणाऱ्यांनो, बाकी नोट्स द्या, स्वमत तेवढं लिहून देऊ नका.

सोसायट्यांची कार्यालयं शनिवारी संध्याकाळी उघडी ठेवता येतील. निवृत्त शिक्षक, बँकेतले, पालिकेतले लोक प्रत्येक सेक्टरमध्ये आहेत. वर्तमानपत्रातली बातमी घ्या, मेट्रोची असो की खाडीलगतच्या खारफुटीची, आणि मुलांना दोन्ही बाजूंनी लिहू द्या. गणेशोत्सवातल्या निबंधस्पर्धेत यंदा भाषा अलंकारिक आहे का ते पाहू नका, आधाराला बक्षीस द्या.

आणखी एक काम आहे, त्याला मुदत आहे. राज्याचा नवा अभ्यासक्रम आराखडा २०२४मध्ये आला आणि पहिलीपासून पुस्तकं बदलू लागली. दहावीचं पुस्तक बदलण्याआधी बालभारतीला आणि परीक्षा मंडळाला पत्रं जायला हवीत. मागणी नेमकी ठेवू: स्वमताच्या नमुना उत्तरांत परस्परविरोधी मतांची किमान दोन उत्तरं छापा आणि आधाराला किती गुण ते स्पष्ट लिहा. ही पत्रं आठवी-नववीच्या मुलांनीच लिहावीत, आणि सोबत प्रत्येकाने आपलं एक उत्तर जोडावं.